काळ्या पाण्यावर ऑस्ट्रेलियात गेलेल्या ब्रिटिश कैद्याचा माग कसा काढायचा

नातवाला शाळेतून फॅमिली ट्री करून आणायला सांगितलं होतं. आमच्या बाजूचं काम एका दुपारीत झालं, कारण त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आमच्या सहा-सात पिढ्या लिहिलेल्या आहेत आणि त्याचा फोटो माझ्याकडे होता. जावयाची बाजू मात्र विहीणबाईंच्या पणजोबांपाशी येऊन थांबली. जावई इथलाच, मेलबर्नचा. विहीणबाईंच्या घरी एवढंच सांगायचे की पणजोबांचे वडील इंग्लंडहून आलेले खलाशी होते, त्यापुढे कोणी विचारायचं नाही. मग आम्ही दोघी बसलो शोधायला, आणि ते खलाशी निघाले कॉन्व्हिक्ट, म्हणजे शिक्षा होऊन आलेले कैदी.

इथे राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांत आता ऑस्ट्रेलियन सुना-जावई आहेत, त्यांच्या मुलांच्या झाडात असा एखादा माणूस असायची शक्यता भरपूर. म्हणून आम्ही काय केलं, कुठे चुकलो, कुठला कागद कुठे मिळाला ते सगळं लिहून ठेवतेय.

आधी थोडं मागचं. अमेरिका हातची गेली तेव्हा ब्रिटनला कैदी पाठवायला दुसरी जागा हवी होती. ११ जहाजांचा पहिला ताफा मे १७८७ मध्ये पोर्ट्‌स्मथहून निघाला आणि २६ जानेवारी १७८८ ला सिडनी कोव्हला लागला. शेवटचं जहाज हूगमाँट, जानेवारी १८६८, फ्रीमँटल. या ८० वर्षांत साधारण १ लाख ६२ हजार कैदी आले, त्यात २५ हजारांच्या आसपास बायका. न्यू साउथ वेल्सला १८४० पर्यंत मुख्य ओघ होता, व्हॅन डीमन्स लँड म्हणजे आत्ताचं टास्मानिया इथे १८५३ पर्यंत आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १८५० ते १८६८, तिकडे फक्त पुरुष. ही वर्षं कुठेतरी लिहून ठेवा, पुढे सारखी लागतात, कारण कागद कुठल्या राज्यात शोधायचे ते यावरूनच ठरतं.

सुरुवात मरणापासून करायची

सगळे पहिली चूक करतात ती हीच, आम्हीही केली. आडनाव घ्यायचं, इंटरनेटवर कैद्यांच्या यादीत टाकायचं आणि जो पहिला दिसेल तो आपला म्हणायचा. आम्हाला त्याच नावाचे अकरा जण सापडले. अकरा! मग उलट्या बाजूने यायला लागलो, आज जिवंत असलेल्या माणसापासून एकेक पिढी मागे, प्रत्येक पायरीला एक कागद. जन्म, लग्न, मृत्यू, तिन्ही सर्टिफिकेटं काढायची, त्यातलं मृत्यूचं सगळ्यात महत्त्वाचं.

सरकारी नोंदणी टास्मानियात १८३८ ला सुरू झाली, इथे म्हणजे व्हिक्टोरियात १८५३ ला, न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ ला. त्याआधीचं सगळं चर्चच्या रजिस्टरात. व्हिक्टोरियाचं मृत्यूचं सर्टिफिकेट म्हणजे खजिना असतो. आईबापांची नावं, कुठे जन्मला, लग्न कुठे आणि कुणाशी, मुलं किती, आणि एक रकाना असा की कुठल्या वसाहतीत किती वर्षं राहिला. विहीणबाईंच्या खापरपणजोबांच्या सर्टिफिकेटवर १८८१ साल आणि या रकान्यात लिहिलंय टास्मानिया ८ वर्षं, व्हिक्टोरिया २९ वर्षं. वजाबाकी केली की १८४४ येतं. १८४४ मध्ये टास्मानियात उतरलेला, शेतमजुरी करणारा इंग्लिश माणूस, आणि घरात त्याच्याबद्दल कोणी काही बोलत नाही. तिथेच माझ्या डोक्यात पाल चुकचुकली.

याला कारणही आहे. १८५१ मध्ये व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि टास्मानियातून सुटलेले कैदी हजारोंनी सामुद्रधुनी ओलांडून इकडे आले. इथल्या लोकांना ते नको होते, १८५२ मध्ये त्यांना अडवायला कायदा सुद्धा केला. मग माणूस काय करणार, आपला भूतकाळ गिळून टाकणार. त्यामुळे व्हिक्टोरियात मेलेल्या पूर्वजाला 'हा तर कैद्यांची वसाहत नसलेल्या राज्यातला' म्हणून सोडून देऊ नका. टास्मानियाच्या जुन्या मृत्यूनोंदीत आईबापांची नावं नसतात, तिथे मग मुलांच्या जन्म-लग्नाच्या कागदांवरून मागे जावं लागतं.

घरातल्या गोष्टी वेगळ्या वहीत लिहा. खऱ्या म्हणून नाही आणि खोट्या म्हणूनही नाही. जवळपास प्रत्येक घरात 'त्याने पोरांसाठी पाव चोरला होता' अशी गोष्ट असते.

जहाजाचं नाव म्हणजे आडनावच समजा

कैद्याच्या प्रत्येक कागदावर नावाशेजारी जहाजाचं नाव असतं, पंधरा-वीस वर्षांनी लग्नाची परवानगी मागितली तरी तेच. नावं सारखी असायची, जॉन स्मिथ तर शेकड्याने, म्हणून सरकार माणूस ओळखायचं जहाजावरून. तुम्हीही तसंच करा. नाव, जहाज, पोचल्याचं वर्ष, तिन्ही जुळल्याशिवाय कागद आपल्या फाइलमध्ये घालायचा नाही. एकच जहाज अनेक खेपा करायचं, म्हणून याद्यांमध्ये जहाजाच्या नावापुढे १, २, ३ असा खेपेचा आकडा असतो, तोही उतरवून घ्या.

जहाज सापडतं कसं? लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एचओ ११ नावाची रजिस्टरं आहेत (एचओ म्हणजे होम ऑफिस, ब्रिटनचं गृहखातं), कुठल्या जहाजाने कोण गेलं, खटला कुठे आणि कधी, शिक्षा किती वर्षं. क्वीन्सलँडच्या स्टेट लायब्ररीने त्यावरून १ लाख २३ हजारांहून जास्त नावांचा डेटाबेस केलाय आणि कॉन्व्हिक्ट रेकॉर्ड्‌स नावाच्या साइटवर तो फुकट शोधता येतो. तिथे लोकांनी खाली टाकलेली माहिती असते ती सुगावा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नाही. एकाने चुकीची बायको चिकटवली की तीच बायको वीस झाडांत उगवते.

आमचे अकरा जण असेच गाळले. टास्मानियाला गेलेले किती, पाच. १८४४ ला किंवा पुढेमागे वर्षभरात पोचलेले, दोन. त्यातला एक आयरिश, दुसरा इंग्लंडमधल्या सफक काउंटीचा. मृत्यूच्या सर्टिफिकेटवर जन्मठिकाण सफक. तरी शिक्कामोर्तब लगेच नाही केलं, ते पुढे एका भलत्याच गोष्टीने झालं, सांगते.

मुंबईशी थेट नातं असलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, आपल्या मुंबई इलाख्याचा गव्हर्नर, त्याच्या नावाचं जहाज १८२६ मध्ये मुंबईतच बांधलं होतं आणि १८४९ मध्ये ते कैदी घेऊन मोरटन बेला, म्हणजे आत्ताच्या ब्रिस्बेनला आलं. शिवाय हिंदुस्थानात नोकरीवर असलेल्या गोऱ्या सैनिकांना कोर्ट-मार्शल होऊन इकडे पाठवलेलं पण सापडतं. तुमच्या माणसाच्या खटल्याच्या रकान्यात इंग्लंडच्या काउंटीऐवजी कोर्ट-मार्शल आणि हिंदुस्थानातलं ठिकाण दिसलं तर दचकू नका, ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात त्याचा पुढचा माग असू शकतो.

आता इंग्लंडात खटला शोधायचा

लंडनचा खटला असेल तर तुमचं नशीब चांगलं. ओल्ड बेली कोर्टाचे १६७४ ते १९१३ पर्यंतचे छापील अहवाल ऑनलाइन फुकट आहेत, साक्षीदार काय म्हणाले, आरोपी बचावात काय बोलला, सगळं. त्याच्या जोडीला डिजिटल पॅनॉप्टिकॉन नावाची साइट आहे, तिने ओल्ड बेलीत शिक्षा झालेल्या सुमारे ९० हजार लोकांचे वेगवेगळ्या दप्तरांतले कागद एकत्र जोडलेत. बाकी इंग्लंडात असाइझ, म्हणजे मोठ्या गुन्ह्यांसाठी फिरत्या न्यायाधीशांचं कोर्ट, किंवा क्वार्टर सेशन्स, म्हणजे काउंटीचं दर तीन महिन्यांनी भरणारं कोर्ट. असाइझचे कागद क्यूला, क्वार्टर सेशन्सचे त्या त्या काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात. कोर्टाच्या कागदात तपशील फार नसतो, म्हणून त्या आठवड्याचं गावचं वर्तमानपत्र बघायचं, ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हवर पैसे भरून. गुन्ह्यांची रजिस्टरं एचओ २६ आणि एचओ २७ मध्ये. अँसेस्ट्री या वंशावळीच्या पैसे भरायच्या साइटवर बरंच आहे आणि ते घरी विकत घ्यायची गरज नाही, आमच्या भागातल्या पब्लिक लायब्ररीत फुकट बघता येतं, तुमच्याही असेल, विचारा.

आयर्लंडचं दुखणं वेगळं, १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समध्ये आग लागली आणि कितीतरी जुनं दप्तर जळून गेलं. तरी आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जचा ट्रान्सपोर्टेशनचा डेटाबेस आहे, त्यात दयेचे अर्जही येतात. स्कॉटलंडसाठी एडिंबराला नॅशनल रेकॉर्ड्‌स ऑफ स्कॉटलंड.

दयेच्या अर्जांवर मात्र मी थांबणार, कारण लोक ते बघतच नाहीत. एचओ १७ आणि एचओ १८ या दोन मालिका, १८१९ पासून १८५४ पर्यंतच्या. नवऱ्याला, मुलाला पाठवू नका म्हणून घरच्यांनी, गावातल्या पाद्र्याने, कधीकधी ज्याची चोरी झाली त्यानेच केलेले अर्ज. खाली सह्या, सही येत नसेल तर फुली. कैद्यांबद्दलचे बाकी सगळे कागद कारकुनांनी आणि शिपायांनी लिहिलेले, त्यात माणूस दिसतो तो उंची, वय, गुन्हा असा. अर्जात आईचा हुंदका ऐकू येतो. मिळाला तर पूर्ण वाचा, मागची बाजू पण, कारण निर्णय तिथे लिहिलेला असतो.

आणि एक, शिक्षा झाली म्हणजे जहाजावर चढलाच असं नाही. बंदरात नांगरून ठेवलेल्या जुन्या जहाजांवर, ज्यांना हल्क म्हणायचे, तिथे महिनोन्‌महिने काढावे लागायचे, वूलिच, चॅटम, पोर्ट्‌स्मथ, प्लिमथ. तिथेच कितीजण मेले, काहींना माफी मिळाली, काहींना बर्म्युडा किंवा जिब्राल्टरला कामाला पाठवलं. हल्कची रजिस्टरं एचओ ९ मध्ये. तुमचा माणूस ऑस्ट्रेलियात कुठेच सापडत नसेल तर इकडे बघा.

प्रवासाची हकीकत हवी असेल तर जहाजावरच्या सर्जनची डायरी शोधा, एडीएम १०१ (एडीएम म्हणजे अ‍ॅडमिरल्टी, नौदलाचं खातं). कोण आजारी पडलं, काय औषध दिलं, हवा कशी होती. प्रत्येक खेपेची उरलेली नाही. आमच्या माणसाचं नाव डायरीत एकदाही नाही, म्हणजे प्रवासभर धडधाकट होता, तेही काही कमी नाही. १७९० च्या दुसऱ्या ताफ्यातले जवळजवळ पाव कैदी वाटेतच गेले होते.

अंगावरचं गोंदण

बंदरात उतरताना प्रत्येकाचं वर्णन लिहून घ्यायचे, पळाला तर पकडायला. उंची, केस, डोळे, नाक, व्रण, आणि गोंदण. न्यू साउथ वेल्सच्या याद्यांत, ज्यांना इंडेंट म्हणतात, १८२० च्या दशकाच्या मध्यापासून हा तपशील चांगला भरलेला असतो, त्याआधी फारच त्रोटक. टास्मानियात तर वर्णनाची वेगळी रजिस्टरं आहेत.

आमच्या माणसाच्या उजव्या हातावर एम ए, एक हृदय, आणि डाव्या हातावर ओळीने अक्षरांच्या तीन जोड्या. कारकुनाला ती फक्त ओळखीची खूण. मला मात्र ते बघून आपल्याकडच्या जुन्या बायका हातावर नावं गोंदून घ्यायच्या ते आठवलं, आमच्या आजीच्या हातावर होतं. सफकच्या त्या गावाच्या चर्चच्या रजिस्टरात शोधलं तर त्याचं १८३५ मध्ये लग्न झालेलं, बायकोचं नाव मेरी अ‍ॅन, आणि तीन मुलांच्या बाप्तिस्म्याची अक्षरं डाव्या हाताशी तंतोतंत जुळली. हेच ते शिक्कामोर्तब. आणि तेव्हाच कळलं की व्हिक्टोरियातल्या लग्नाच्या कागदावर स्वतःला अविवाहित लिहिणाऱ्या या माणसाचं तिकडे एक आख्खं घर होतं.

वसाहतीतले कागद

टास्मानियाचे कागद जगात सगळ्यात सविस्तर असतील. लायब्ररीज टास्मानियाच्या नेम्स इंडेक्समध्ये नाव टाका, मूळ पानाचा फोटो फुकट उघडतो. मालिकांची नावं कॉन आणि आकडा अशी. पुरुषांचं वर्तन-रजिस्टर आधीच्या काळासाठी कॉन ३१, १८४० नंतरच्या प्रोबेशन पद्धतीतल्यांसाठी, म्हणजे ज्यांना आधी सरकारी टोळीत काम करावं लागायचं त्यांच्यासाठी, कॉन ३३, बायकांसाठी तसंच कॉन ४० आणि कॉन ४१.

पान उघडलं की घाबरायला होतं, अक्षर बारीक, सगळीकडे संक्षेप. घाई करू नका. आधी नाव आणि पोलिस नंबर, मग खटला, मग वर्णन, मग वसाहतीत केलेले अपराध आणि शिक्षा, तारखेसकट. दारू पिऊन सापडला, मालकाला उलट बोलला, परवानगीशिवाय बाहेर राहिला, त्यावर इतके दिवस एकांतकोठडी नाहीतर सक्तमजुरी. पण सगळ्यात आधी 'स्टेटेड धिस ऑफेन्स' हे शब्द शोधा. त्यापुढे कैद्याने उतरल्यावर स्वतःच्या तोंडाने सांगितलेला गुन्हा लिहिलेला असतो. बऱ्याचदा कोर्टापेक्षा वेगळा, कधी आधीच्या शिक्षाही स्वतःहून सांगितलेल्या. आमच्या माणसाने सांगितलंय की मेंढी चोरली, आणि ती कुणाची होती त्या शेतकऱ्याचं नाव. विहीणबाईंनी ती ओळ तीनदा वाचून घेतली माझ्याकडून.

न्यू साउथ वेल्ससाठी तिथल्या स्टेट आर्काइव्ह्जचे इंडेक्स बघायचे, ते आता म्यूझियम्स ऑफ हिस्टरी न्यू साउथ वेल्सकडे आहेत. तिथे माणसाचा प्रवास साधारण असा लागतो. आधी कुणातरी मालकाकडे कामाला नेमणूक. मग तिकीट ऑफ लीव्ह, म्हणजे ठरलेल्या जिल्ह्यात राहून स्वतःसाठी काम करायची मुभा, ७ वर्षांच्या शिक्षेला साधारण ४ वर्षांनी, १४ ला ६ वर्षांनी, जन्मठेपेला ८ वर्षांनी, वागणूक चांगली असेल तर. मुदत संपली की सर्टिफिकेट ऑफ फ्रीडम. जन्मठेपवाल्याला ते नाही, त्याला माफीच लागायची, आणि कंडिशनल पार्डन मिळालं तरी ब्रिटनला परत जाता यायचं नाही. १८२६ ते १८५१ मधल्या लग्नाच्या परवानग्यांचा इंडेक्स आहे, तो बायकांच्या शोधाला फार उपयोगी, कारण बायकांची नावं लग्नानंतर हरवतात. बायकांसाठी परामॅटा आणि होबार्टच्या कॅस्केड्‌स इथल्या फीमेल फॅक्टरीचे, म्हणजे कैदी बायकांना ठेवून काम करून घ्यायच्या जागांचे कागद, आणि मुलं असतील तर अनाथाश्रमाचे. परामॅटाला आता आपली कितीतरी माणसं राहतात, त्यांना ती इमारत बघायला फार लांब जायला नको.

१८२८ च्या नोव्हेंबरात न्यू साउथ वेल्सची पहिली जनगणना झाली. त्यात सीएफ म्हणजे 'केम फ्री', स्वतःहून आलेला. आणि दुसऱ्या कागदांवर सीएफ म्हणजे सर्टिफिकेट ऑफ फ्रीडम, म्हणजे कैदी होता हे नक्की! एकच संक्षेप, अर्थ अगदी उलटे, म्हणून कुठल्या दप्तरातला कागद आहे ते आधी बघा.

ती जनगणना सुद्धा डोळे मिटून मानू नका. वीस डॉलरच्या नोटेवर जी बाई आहे ना, मेरी रीबी, तिचंच बघा. लँकेशरची मेरी हेडॉक, घोडा चोरल्याबद्दल पकडली तेव्हा मुलाच्या वेषात होती आणि नाव सांगितलं होतं जेम्स बरो. सात वर्षांची शिक्षा, १७९२ मध्ये रॉयल अ‍ॅडमिरल जहाजाने सिडनीला, पुढे नवरा वारल्यावर सात मुलं आणि अख्खा व्यापार एकटीने सांभाळला. १८२० मध्ये मुलींना घेऊन इंग्लंडला गेली, दुसऱ्या वर्षी परत आली, आणि १८२८ च्या जनगणनेत तिने सांगितलं, मी १८२१ मध्ये स्वतःहून आले. त्या एका उत्तरात तिला आपण कोण म्हणून ओळखलं जावंसं वाटत होतं ते आहे. म्हणून अशी तफावत दिसली तर खोडू नका, दोन्ही लिहा आणि कुठल्या कागदात कोण बोलतंय तेही लिहा.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियासाठी तिथलं स्टेट रेकॉर्ड्‌स ऑफिस आणि फ्रीमँटल तुरुंगाचा कैद्यांचा डेटाबेस.

पूर्वजाला जमीन मिळालेली दिसली तर नुसते एकर लिहू नका. सुरुवातीच्या काळात सुटलेल्या एकट्या माणसाला ३० एकर मिळायचे, आणि परामॅटाच्या बाजूला ते एकर तिथल्या मूळ रहिवासी दारूग लोकांचे होते, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. नातवाच्या झाडात आम्ही शेताखाली हेही लिहिलं.

ट्रोव्ह

ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीची ही जुन्या वर्तमानपत्रांची साइट फुकट आहे आणि हिच्यावर रात्री कशा जातात कळत नाही. १८०३ पासूनचं सिडनी गॅझेट, होबार्टची गॅझेटं, पळालेल्यांच्या याद्या, तिकीट मिळालेल्यांच्या याद्या, कोर्टाच्या बातम्या. नाव नुसतं टाकू नका, नाव आणि जहाज अवतरणचिन्हात टाका, वर्षं मर्यादित करा. छापील अक्षरं मशीनने वाचलेली आहेत त्यामुळे चुका असतात, आडनाव चार-पाच तऱ्हेने लिहून बघा. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं नाव कारकुनाला जसं ऐकू आलं तसं पडलंय. आमच्या माणसाचं आडनाव सहा कागदांत चार तऱ्हांनी आहे.

टास्मानियाच्या नेम्स इंडेक्समध्येच बंदरातून निघून गेलेल्यांच्या नोंदी पण आहेत. १८५२ मध्ये लाँसेस्टनहून मेलबर्नला गेलेला आमचा माणूस तिथे सापडला, सर्टिफिकेटवरच्या ८ वर्षांचा हिशोब पुरा झाला.

म्हातारपणी एकटा पडलेला कैदी निराधारांच्या आश्रमात सापडतो, तिथल्या नोंदी आणि मृत्यूची चौकशी झाली असेल तर तिचे कागद विसरू नका.

आम्ही सध्या सफकमध्ये आहोत, कागदांत म्हणजे. इंग्लंडच्या १८५१ च्या जनगणनेत मेरी अ‍ॅन सापडली, त्याच गावात, धुण्याची कामं करणारी, दोन मुलं जवळ, आणि स्वतःच्या नावापुढे लिहिलंय विधवा. नवरा तेव्हा होबार्टला जिवंत होता. तिला माहीत होतं का, की गावात तोंड दाखवायला तसं सांगत होती, कोण जाणे. तिसरं मूल, सगळ्यात धाकटी मुलगी, जिची अक्षरं त्याच्या मनगटापाशी होती, ती या घरात नाही. विहीणबाईंनी परवा तिथल्या रेकॉर्ड ऑफिसला ईमेल केलाय, चर्चचं दफनाचं रजिस्टर आणि वर्कहाउसचे, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायचे तिथले कागद बघायला सांगितलेत १८४४ ते १८५१.